दोखुरे

"अक्षरं वीतभर पाहिजेत, मास्टर. पलीकडच्या टेकडीवरनं वाचता आली पाहिजेत," असं म्हणत सार्जंटनं काळ्या जाकिटांचं गाठोडं कापायच्या टेबलावर धपकन टाकलं. खडूची वडी उडून खाली पडली.

मास्टर वाकला, खडू उचलला, फुंकर मारून खिशात टाकला. छावणीच्या फाटकाच्या आत, धोबीखान्याला लागून त्याचं दुकान होतं. नावाच्या पट्ट्या, हुद्द्याच्या फिती, तुकड्यांची चिन्हं हे रोजचं काम. आणि वर्षातून एकदा प्रत्येक तुकडी आपल्या हौसेनं करून घेते ती जाकिटं. गणवेशावर सरकारचा हुकूम चालतो, जाकिटावर पोरांचा. कोणी कवटी मागायचं, कोणी फणा काढलेला नाग. तोफखान्याच्या पोरांनी तर डुकराचं मुंडकं भरून घेतलं होतं, आणि ते त्यांच्या साहेबाच्या तोंडाशी इतकं मिळतंजुळतं निघालं की साहेबानंच येऊन विचारलं, "मास्टर, फोटोवरनं केलंत की काय?" मास्टर कधी कोणाला नाही म्हणाला नव्हता.

"लिहायचं काय?" त्यानं विचारलं.

"दोखुरे."

मागच्या बाजूला काजं करत बसलेल्या त्याच्या बायकोचा हात थांबला. मास्टरचा नाही. तो टेप गळ्यातून काढून जाकिटाच्या पाठीची रुंदी घेत होता, ती त्यानं पुरी घेतली.

"दुसरं काही नाही का सुचलं?" तो म्हणाला.

"अहो, यंदा तुकडीनं ठरवलंच आहे. पाठीवर वजन घेऊन चालायच्या चालीत सगळ्या छावणीत पहिले आलो आम्ही. आता सगळे आम्हाला दोखुरेच म्हणतात." सार्जंट हसला. धिप्पाड, हसतमुख माणूस. "आणि तुम्हाला कौतुक वाटायला पाहिजे, मास्टर. नाव तुमच्या लेकीनंच सुचवलंय."

तो गेला. बायको म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

"कान आहेत मला."

"मग तोंडही आहे ना? का त्याला मी काज करून बटण लावलंय?"

मास्टर डोंगरातला. हे छावणीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण बोलण्यातला हेल काही जात नाही. तो पहिल्यांदा खाली उतरला तेव्हा हा शब्द वैऱ्याचा होता. वर डोंगरात गावं बिथरली होती, आणि पलटणी एकमेकांना सांगत, दोखुरा दिसला की आधी गोळी, मग चौकशी. पुढं तह झाला. डोंगरातली माणसं छावणीत भांडी घासायला, संडास खणायला आली. मग दोखुरा म्हणजे हलकं काम करणारा. ते हलकं काम करता करता कधी तरी वाईट काम म्हणजेच दोखुरी काम झालं. उसवलेला सदरा दोखुरी, गळका नळ दोखुरी, बंद पडलेली गाडी दोखुरी. एका जुन्या कप्तानानं तर मास्टरच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तुझी शिलाई अजिबात दोखुरी नाही हं!" मास्टर हसला होता. पोट असलं की माणूस पुष्कळ वेळा हसतो.

आणि आता नवी पोरं आली होती. त्यांना वैर माहीत नाही, तह माहीत नाही. त्यांच्यात दोखुरा म्हणजे जो सगळ्यांत जड ओझं घेऊन सगळ्यांत पुढं चालतो तो. शाबासकी. शब्द ओढ्यातल्या गोट्यासारखा घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता की त्यानं कोणाचं डोकं फुटलं होतं हे हातात घेणाऱ्याला कळू नये.

मास्टरनं जाकिटं कपाटात ठेवली आणि दार लावून घेतलं.

लेक त्याच तुकडीत शिपाई होती. ती दिवेलागणीला आली. दुकानामागच्या खोलीत शिरताना तिला आता दारात किंचित तिरकं व्हावं लागे, इतके तिचे खांदे भरले होते. बूट काढायच्या आत आईनं तोंड सोडलं.

"ये. नाव ठेवायला पाळण्यातलं पोर नाही मिळालं, म्हणून पलटणीलाच ठेवलंस होय?"

"आई, पाणी तरी देशील?"

"दे तिला पाणी," मास्टर म्हणाला. "पोरी, तू सांगितलंस हे त्यांना?"

"हो, बाबा."

"का?"

ती भांडं एका दमात रिकामं करून बसली. "पहिल्या महिन्यात ते माझ्या पाठीमागे म्हणायचे. जेवणाच्या रांगेत, न्हाणीघराच्या भिंतीआडनं. मी वळले की गप्प. एक दिवस मी म्हटलं, समोर या, समोर म्हणा. कोणी येईना. मग चालीच्या दिवशी आमच्या त्या चिताऱ्याचा पाय मुरगळला. मी त्याचं ओझं घेतलं, माझं होतंच. दोन्ही घेऊन वर गेले. वर पोचल्यावर सगळे ओरडायला लागले, दोखुरी, दोखुरी! तेव्हा मी हात वर केले, बाबा. म्हटलं, हो, मी दोखुरी. आहे दम तर तुम्ही होऊन दाखवा. त्या दिवसापासून पाठीमागचं बोलणं बंद. आता सगळ्यांना दोखुरे व्हायचंय."

"म्हणजे तू शब्द धुऊन काढलास."

"हिसकावून घेतला."

"आणि हातात काय आलं?"

"तुकडी आली!" तिचा आवाज चढला. "तुम्ही आयुष्यभर तो ऐकलात आणि मान खाली घालून टीप मारलीत. मला टोमणा मारू नका. मी निदान मान वर करून ऐकते."

आई काही बोलायला गेली, मास्टरनं हातानंच थांबवलं. पोरगी खोटं बोलत नव्हती, आणि खरं लागतं ते लागतंच.

"तो कुठून आला, ठाऊक आहे तुला?" त्यानं विचारलं.

"शिवी आहे. शिव्या कुठून येतात?"

"कोणाच्या तरी तोंडून येतात. उद्या दुपारी तुझ्या सार्जंटला घेऊन ये. दोनचार पोरं येत असतील तर त्यांनाही. मी सांगतो. ऐकून त्यांना घालावंसं वाटलं तर..." तो थांबला. "नाही वाटायचं."

"सांगा," ती म्हणाली. "ती वाईट नाहीत, बाबा. कळलं तर समजून घेतील. उलट मान देतील."

एवढ्या एका गोष्टीवर त्या रात्री बापलेकीचं एकमत झालं. आणि तिथंच दोघं चुकली.

दुपारी सार्जंट आला, चितारी आला, बरोबर आणखी पोरं. चितारी हे त्याचं तुकडीतलं नाव. मिळेल त्या कागदावर मिळेल त्या साहेबाचं तोंड काढायचा. पाय अजून जरा ओढत होता. मास्टरच्या बायकोनं, पोरांच्या काकूंनी, चहा ठेवला. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, ना आत ना बाहेर.

मास्टरला भाषण येत नव्हतं. त्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि जसं बापानं त्याला सांगितलं होतं तसं सांगितलं.

"माझा बाप हमाल होता. हौसेनं नव्हे. पलटण गावात आली, धडधाकट बाप्ये निवडले, पाठीला पेट्या बांधल्या, चला म्हणाली. घाटाच्या वाटेला खेचरं आणि माणसं एकाच रांगेत. मुक्कामाला शिधा वाटायचा तो साहेब मोठा हुशार. माणसं वेगळी, जनावरं वेगळी मोजायचा त्याला कंटाळा. तो म्हणायचा, खूर मोजा. खेचराचे चार, डोंगऱ्याचे दोन. होतील तेवढे वर कळवायचे. तेव्हापासून आम्ही दोखुरे."

पोरं पेले हातात धरून पुढं झुकली होती. मास्टरला वाटलं, पोचतंय.

"एका रात्री दरड आली. सकाळी मोजणी झाली. साहेब म्हणाला, सहा खूर कमी. झालं. एक खेचर आणि एक माणूस, का तीन माणसं, कोणी विचारलं नाही. पलटण पुढं गेली. माझा काका त्यात होता. आजी डोंगर उतरून छावणीत आली, लेक कुठाय म्हणून विचारत. तिला सांगितलं, बाई, सहा खूर गेलेत, त्यातले दोन तुझे असतील."

त्यानं चाकावरचा हात काढला. "हे असं आहे. म्हणून मी ते भरणार नाही."

सार्जंटचे डोळे खरोखरच ओले झाले होते. त्यानं नाक ओढलं आणि मांडीवर थाप मारली.

"वा! मास्टर, अंगावर काटा आला बघा. एवढी मोठी गोष्ट, आणि तुम्ही आजवर दाबून ठेवलीत?"

"तेच ना!" मागचा एक पोरगा म्हणाला. "मला वाटायचं उगाच कायतरी नाव आहे. याला तर इतिहास आहे!"

"नुसता शब्द नको मग," चितारी म्हणाला आणि उठला. परत द्यायची म्हणून मास्टरनं जाकिटं कपाटातून काढून टेबलावर ठेवली होती, त्यातलं वरचंच त्यानं उलटं पसरलं, मास्टरच्या खिशातला खडू हक्कानं काढून घेतला आणि भराभर रेघा ओढल्या. हात चांगला होता त्याचा. दोन खूर. ठसठशीत, फाकलेले, खाली वाटेची धूळ. "हे मध्ये. वर नाव. खाली लिहायचं, सहा गेले तरी चाल थांबली नाही."

"क्या बात है!"

"टाप टाप टाप टाप," कोणी तरी पेल्यानं बाकावर ठेका धरला. दुसऱ्यानं उचलला. हसणं वाईट नव्हतं. खिदळणं नव्हतं ते. आपल्याला काही तरी भारी सापडलं या आनंदाचं हसणं होतं. हलकट असती तर एक बरं, खेटर काढता आलं असतं. चांगली पोरं होती. चांगल्या माणसांनी प्रेमानं तुमच्या काकाच्या मढ्याचं चिन्ह करायला घेतलं की काय काढायचं, सांगा.

मास्टरनं दाराकडं पाहिलं. ते जाकीट त्याच्या लेकीचं होतं. कॉलरच्या आत तिच्या नावाची पट्टी त्यानंच लावलेली. ती खुरांकडं पाहत होती. तोंडावर काही नव्हतं. चितारी लाडात तिला म्हणाला, "काय दोखुरे, जमलंय ना? तुझ्या आजोबांचेच पाय आहेत समज."

ती चौकटीपासून सरळ झाली.

"मी भरणार नाही म्हणालो," मास्टर म्हणाला.

ठेका थांबला. सार्जंटला आधी वाटलं, म्हातारा भावुक झालाय. "अहो, तुमच्याच माणसांचा मान आहे हा."

"मान असेल तर तुमच्याजवळ ठेवा. माझ्या मशीनवर नाही होणार."

"मास्टर, नाग केलात, कवटी केलीत, साहेबाचं डुक्कर केलंत..."

"नागानं माझ्याकडं तक्रार केली नाही."

कोणी तरी फिस्सकन हसलं. सार्जंट नाही हसला. त्यानं पेला खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, मी वाईटपणा घेत नाही. पण दुकान फाटकाच्या आत आहे. आत आहे ते मर्जीनं आहे. एका तुकडीचं काम गेलं की बाकीच्या तुकड्याही बघतात."

"मर्जी संपली की सांगा. मशीनला चाकं आहेत, मी ढकलत बाहेर नेईन."

आता काकू उठल्या. त्यांनी बाकीची जाकिटं एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केली, गाठोडं बांधलं आणि सार्जंटच्या हातात दिलं. "चहा पिऊन घ्या," त्या म्हणाल्या. "चहावर राग नाही आमचा." चहा कोणी प्यायला नाही.

पोरं निघाली. लेक त्यांच्यामागून निघाली, खडूचे खूर असलेलं आपलं जाकीट काखोटीला मारून. वळून पाहिलं नाही. मास्टर मशीनवर बसला, दोरा ओवायला गेला, तो सुईत जाईना. बायकोनं रीळ हातातून घेतलं, ओवून दिलं.

"गेली त्यांच्याबरोबर," तो म्हणाला.

"हजेरी असते तिची. जाणार नाही तर काय तुमच्या मांडीवर बसेल?"

पुढचे काही दिवस तिनं तोंड दाखवलं नाही. जाकिटं बाहेरच्या बाजारातल्या एका भरतकामवाल्यानं केली. मास्टरनं एक जाताना पाहिलं. अक्षरं वीतभर, खूर चिताऱ्यानं काढले तसेच. टाके लांब लांब टाकलेले, दोन धुण्यांत दोरे लोंबणार. त्याला त्याही स्थितीत त्याचा राग आला, आणि राग आल्याचा पुन्हा राग आला. सार्जंटचं म्हणणं खरं निघालं. दुसऱ्या तुकडीची पट्ट्यांची ऑर्डर आली नाही. मग कचेरीतून माणूस आला, म्हणाला, धोबीखाना वाढवायचाय, जागा लागेल. मास्टर म्हणाला, बरं. फाटकाबाहेर सायकलवाल्याच्या शेजारी एक पत्र्याची खोली होती, ती त्यानं जाऊन पाहिली. उजेड बरा होता. येताना त्यानं खिळे आणले.

तो फळ्या काढत असताना ती आली. हातात जाकीट. टेबल अजून जागेवर होतं, त्यावर तिनं ते पसरलं. काळ्या कापडावर दोन पांढुरके डाग होते. खूर होते हे माहीत असेल त्यालाच कळावेत असे.

"झटकलं, घासलं. जात नाही," ती म्हणाली.

"झटकून नाही जायचं. ओलं फडकं आणि वाफ." त्यानं इस्त्री तापायला ठेवली. "भरून नाही घेतलंस?"

"नाही."

आई मागच्या खोलीतून आली आणि पहिल्यांदाच काही न बोलता उभी राहिली.

"मी त्यांना सांगितलं, मला नको," लेक म्हणाली. "सार्जंट म्हणाला, नाव तर तूच दिलंस. मी म्हटलं, दिलं होतं, आता परत घेते."

"मग?"

"हसले सगळे. म्हणाले, आता ते तुझं कुठं राहिलं? आता आमचं आहे." तिनं जाकिटाची बाही सरळ केली. "बाबा, मला वाटलं होतं मी ते त्यांच्या हातून काढून घेतलंय. मी त्यांना आणखी धरायला मूठ करून दिली."

मास्टरच्या मनात पुष्कळ आलं. मी म्हटलं होतं हे आलं, तू काय करणार होतीस हेही आलं. त्यानं इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. चर्र झालं.

"बोलतात का तुझ्याशी?"

"कामापुरतं. चितारी तर वाकड्या वाटेनं जातो. म्हणाला, आम्ही तुमचा मान केला आणि तुम्ही तोंडावर फेकलात."

"बदली माग," आई म्हणाली. "हजार तुकड्या आहेत. कुठं तरी जिथं..."

"का मागू?" ती आईकडं वळली. "दोन दोन ओझी मी वाहिली तिथं. शब्द ठेवा म्हणावं तुमच्याजवळ. तुकडी माझी पण आहे, मी नाही सोडत. उद्या डोंगराकडच्या सरावाला जातोय, मी सगळ्यांबरोबर त्याच गाडीत बसणार."

"असं कोरं जाकीट घालून?"

"असंच. पण खांद्यात बसत नाही. वर ओढतं." ती बापाकडं पाठ करून उभी राहिली. "बघा ना."

मास्टरनं गळ्यातला टेप काढला. ती लहान असताना त्यानं तिचे फ्रॉक नजरेनं कापले होते, माप घ्यावं लागायचं नाही. आता टेप लावावा लागला, आणि आकडा पाहून तो दोनदा लावावा लागला. एका खांद्यावर पट्ट्याचा घट्टा होता. कापडावरूनही बोटांना लागला. त्यानं काही विचारलं नाही. "हात पुढं घे. आता मागं. श्वास सोड, परेडवर नाहीस."

"सवय लागली."

त्यानं दोन्ही खांदे उसवले. आतल्या बाजूला कापड दडवलेलं होतं, ते सोडलं, बाह्यांचा घेर नव्यानं बसवला. ती बाकावर बसून आईनं दिलेलं खात होती आणि आई तिला सांगत होती की नव्या खोलीला खिडकी रस्त्याच्या अंगाला आहे, आता येणाऱ्याजाणाऱ्याच्या भानगडी फुकटात बघायला मिळतील. लेक हसली. मशीन चालत होतं. डाग वाफेनं गेला. ओल्या कापडाचा थोडा वास राहिला.

सकाळी मास्टर फाटकाबाहेर फळ्या ठोकत होता. सायकलवाल्यानं शिडी धरली होती. गाड्या एकामागून एक बाहेर पडायला लागल्या, तसे दोघेही बाजूला झाले. गाडीच्या दोन्ही कडांना बाकं, पोरं आत तोंडं करून बसलेली, वरची ताडपत्री गुंडाळलेली, त्यामुळं रस्त्यावरून दिसत होत्या त्या नुसत्या पाठी. दोखुरे, खूर. दोखुरे, खूर. तोच शब्द, खड्ड्यात चाक गेलं की सगळीकडं एकदम उडणारा.

"हे काय लिहिलंय हो, मास्टर?" सायकलवाल्यानं विचारलं.

मास्टरची नजर त्या पाठींवरून सरकत गेली. बाकाच्या टोकाला, त्या सगळ्यांत, एक पाठ कोरी होती. काळी, सपाट, काही न सांगणारी. तिच्या दोन्ही बाजूंना जरा जास्तच जागा सोडली होती, आणि ती त्या जागेत ऐसपैस बसली होती. गाडीनं वळण घेतलं, तिनं आधाराला वरची दांडी धरली, हात पुरा वर गेला.

जाकीट कुठंच ओढलं नाही. खांद्याची शिवण जिथं बसायला हवी तिथंच बसली होती.